जुळारी

अर्जात चौकट एकच भरायची: अंध, नाहीतर बधिर.
दोन्हींवर खूण केली तर संगणक घेत नाही,
खिडकीतला मुलगा म्हणाला.
वाईट नव्हता तो. पंखा त्याच्याही वाट्याला नव्हता.

मी चेऊलकरांच्या तळहातावर बोटानं लिहिलं: ए क च.
त्यांनी माझ्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या.
म्हणजे चूक.
कुणाची, ते विचारायचं राहिलं.

अडतीस वर्षं गिरगावातल्या छापखान्यात जुळारी.
यंत्रांच्या धडधडीत जन्माचा बहिरा माणूस मालकाला सोयीचाच.
लग्नपत्रिका, किराणा दुकानांची बिलबुकं,
आणि हो, कचेऱ्यांचे अर्जसुद्धा.
उलटी अक्षरं सुलटी वाचायचे.
मग भराव टाकून खाडी बुजवतात तशी
कडेकडेनं नजर बुजत गेली.
शेवटी मधोमध रुपयाएवढा उजेड,
आणि एके दिवशी तोही नाही.
शुद्धलेखन मात्र शाबूत.
'पाणी' लिहिताना वेलांटी ऱ्हस्व काढली की टिचकी.

माझा हुद्दा काय, तेही अर्जात विचारलंय.
मुलगी नाही. सून नाही. नर्स नाही.
मुलानं लिहिलं: सोबत आलेली बाई.

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट.
त्यातले तीन माझे, मंगळवारी, दहा ते एक,
एका संस्थेच्या देणगीतून, मार्चपर्यंत.
त्या तिनात बँक, दवाखाना, चेंबूरची ही कचेरी,
कन्नमवार नगरात कुठला रस्ता खणलाय,
आणि सोन्याचा भाव, जो ते दर वेळी विचारतात,
घेणार काहीच नसतात.
उरलेले एकशे पासष्ट ते भिंतीला पाठ लावून बसतात
आणि वासावरून दिवस जुळवतात.

धाकटा भाऊ गुरुवारी गेला.
घरचे रडले. येणारे येऊन गेले.
यांना कुणीतरी अवेळी आंघोळ घातली.
फोडणीचा वास थांबला.
अनोळखी हात खांद्यावर यायचे,
जरा थरथरायचे, निघून जायचे.
पाच दिवस.
मंगळवारी मी लिहिलं: अ च्यु त गे ला.
दोन टिचक्या.
पुन्हा लिहिलं, सावकाश.
पुन्हा दोन.
शुद्धलेखन बरोबर होतं.

साहेब, तुम्ही म्हणाल, घरचे नाहीत का?
आहेत. चांगले आहेत.
पुतण्या रात्रपाळीला, त्याची बायको बारा तास दुकानात.
आणि नुसत्या मायेनं ही लिपी कुणाच्या बोटाला फुटत नाही हो,
शिकावी लागते,
शिकवणाऱ्याचंही पोट असतं.

मागणी थोडक्यात लिहा, अर्जाच्या तळाशी दोन ओळी आहेत.
मी चेऊलकरांना विचारलं.
त्यांनी माझ्या हातावर एकेक अक्षर बसवलं, खिळ्यासारखं:
तास द्या. शिकलेला हात द्या. त्या हाताला पगार द्या.
मग कागद चाचपला, पुढून, मागून.
गुळगुळीत.
त्यांच्या वेळी अक्षराचा दाब कागदाच्या पाठीला लागायचा.
त्यांनी पुढे लिहिलं:
चौकट म्हणजे पितळी पट्टीचे चार तुकडे.
दोन मिनिटांत आणखी एक बसते.
सांग त्यांना.

सांगितलं.
मुलगा हसला, मग हसायचा थांबला.
साहेब उद्या असतील, म्हणाला. उद्या या.

पाऊण वाजला होता. उद्या बुधवार.
मी लिहिलं: उ द्या.
टिचकी आली नाही.
तळहात त्यांनी तसाच उघडा धरला होता,
ओळ अजून पुरी व्हायची असल्यासारखा.